सत्तर तासांची नोकरी आणि बेचाळीस किलोमीटर

जानेवारी २०२५ मध्ये दोन गोष्टी मागोमाग घडल्या. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत बाहेर आली. तिच्यात आठवड्याला ९० तास काम करण्याचा सल्ला होता, रविवारी कर्मचाऱ्यांना कामावर बोलावता येत नाही याची खंत होती आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा सवाल होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ जानेवारीच्या रविवारी, मुंबई मॅरेथॉन झाली. कंपन्यांचे गट आपापल्या नावाचे टी-शर्ट घालून धावले. सोमवारी लिंक्डइनवर पदकांचे फोटो झळकले आणि त्याखाली ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर छोटी छोटी प्रवचने.

त्यातल्या अनेकांनी आधीच्या आठवड्यात त्या चित्रफितीवर विनोद फॉरवर्ड केले होते. मात्र हा विनोद आणि आपल्या गळ्यातले पदक यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे फारसे कुणाला वाटलेले दिसले नाही.

मला फोटोंचा राग नाही. पदक पायांनी कमावलेले असते, ते मिरवावे. राग आहे तो खाली लिहिलेल्या मजकुराचा. सूर बहुधा एकच असतो. मॅरेथॉनने मला शिस्त लावली, शिस्तीने माझी क्षमता वाढली, आता मी पूर्वीपेक्षा जास्त काम करतो. म्हणजे पहाटे चारला उठून वीस किलोमीटर धावायचे ते कशासाठी, तर नऊ वाजता ताजेतवाने होऊन पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसण्यासाठी! टांगेवाला घोड्याला खरारा करतो, चणे चारतो. घोड्याला बरे वाटतच असेल. पण सकाळी टांगा ओढायचा आहे म्हणून तो खरारा असतो, हे घोडा सोडून सगळ्यांना ठाऊक असते.

माझे म्हणणे असे आहे की, लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी कामात बुडालेल्या माणसाला तोल देते, हे खरेच आहे. मी सात-आठ वर्षे धावतोय, माझा वेग सांगण्यासारखा नाही, पण एवढे छातीठोकपणे सांगू शकतो. ती तोल देते याचे कारण मात्र वेगळे आहे. ही तयारी कामाकडून तास काढून घेते. झोप मागते, संध्याकाळ मागते, रविवार मागते, आणि मागितलेले दिले नाही तर गुडघा धरून खाली बसवते. जो माणूस कामाचा एक तासही कमी न करता मॅरेथॉनची तयारी करतो, त्याला तोल मिळत नाही. त्याला दुसरी नोकरी मिळते, तीही बिनपगारी.

हे समजण्यासाठी ही तयारी असते कशी, ते पाहावे लागेल. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. नवख्या माणसाला साधारण १६ ते २० आठवडे लागतात, तेही आधी थोडेफार धावत असेल तर. आठवड्यातून चार दिवस धावायचे, सगळे मिळून पाच ते सात तास. रविवारी ‘लाँग रन’, जो वाढत वाढत तीसेक किलोमीटरपर्यंत जातो. बाहेरच्या माणसाला वाटते की, हे सगळे दात-ओठ खाऊन करायचे असते. प्रत्यक्षात यातला बहुतांश भाग इतका हळू धावायचा असतो की नव्या माणसाला लाज वाटते. कसोटी सोपी आहे. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला, तर वेग जास्त झाला. हृदय मजबूत होणे, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढणे, शरीराने चरबी जाळायला शिकणे, या सगळ्या गोष्टी या संथ तासांत होतात आणि त्यांना घाई चालत नाही. तीन आठवड्यांचे धावणे एका आठवड्यात उरकता येत नाही. फाइल उरकता येते, प्रेझेंटेशन रात्रभर जागून करता येते. पोटरीच्या स्नायूला डेडलाइन कळत नाही.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. माणूस धावताना मजबूत होत नाही, धावताना तो मोडतो. मजबूत होतो तो नंतर, झोपेत आणि सुटीच्या दिवशी. म्हणून कुठल्याही शहाण्या वेळापत्रकात तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा असतो. अंतर मुद्दाम कमी केलेले असते. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर जवळपास उतरणीचेच, त्याला धावणारे ‘टेपर’ म्हणतात. या काळात नवखे बेचैन होतात, आपण आळशी झालो असे त्यांना वाटते. जुने लोक सांगतात, बस, आता काही कमावता येणार नाही, फक्त घालवता येईल. आपल्यापैकी किती जणांच्या ऑफिसात, दुकानात, कारखान्यात हलका आठवडा असतो? मोठे काम येणार म्हणून आधीचे पंधरा दिवस माणसांना सैल सोडले, असे कुणी पाहिले आहे का? मी तरी पाहिलेले नाही. एका वृत्तपत्रात मी काही वर्षे रात्रपाळी केली. तिथे निवडणुकीच्या आधीचा महिना म्हणजे सुट्या रद्द, आणि निकालानंतरचा महिना म्हणजे ‘आता जाहिरातींच्या पुरवण्या आहेत’.

आणि तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शर्यत संपते. तिला तारीख असते, अंतर असते, एक रेषा असते, तिच्या पलीकडे गेलात की कुणी तुम्हाला आणखी तीन किलोमीटर मागत नाही. आजच्या नोकरीला अशी रेषा नाही. एक टार्गेट पूर्ण केले की बक्षीस म्हणून त्याच्यापेक्षा मोठे टार्गेट मिळते. सतत न संपणाऱ्या कामात राहिलेल्या माणसाला ‘झाले, पुरे’ हा शब्दच परका होतो. धावण्याने तो परत शिकता येतो. इथेच या खेळाचा कामाशी झगडा सुरू होतो. कारण ‘पुरे’ म्हणणारा माणूस कुठल्याच मॅनेजरला आवडत नाही.

आता थोडा हिशोब. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. आंघोळ, जेवण, नमाज, बाजारहाट, घरातली कामे मिळून दिवसाला तीन तास, म्हणजे २१. मुंबई-पुण्यात येण्याजाण्याचे रोज दोन तास, सहा दिवसांचे १२. उरले ८६. यातून ४८ तासांची नोकरी वजा केली की ३८ राहतात. त्यात सहा तास धावा, बाकीच्या ३२ तासांत मुले, मित्र, पुस्तक, आईवडील, काय हवे ते. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला होता. त्या हिशोबाने उरतात १६. सहा तास धावलात तर बायको-मुलांसाठी आठवड्याला दहा तास, दिवसाला दीड तासही नाही. आणि ९० तासांच्या हिशोबात येतात उणे चार. म्हणजे न धावताही चार तास कुठून तरी चोरायचे. चोरी नेहमी एकाच घरात होते, झोपेच्या.

झोप चोरून धावणारे मी बरेच पाहिले आहेत. रात्री बाराला लॅपटॉप बंद, पहाटे चारला बूट पायात. सुरुवातीला सगळे त्यांचे कौतुक करतात. मग चिडचिड वाढते, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते, सर्दी हटत नाही, पायाचे दुखणे एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. शरीराला बॉसचा ताण आणि चढाचा ताण असा भेद करता येत नाही. त्याच्यासाठी दोन्ही एकाच खात्यावर लिहिले जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. ५५ तासांचे हे चित्र आहे. त्यावर सकाळचे वीस किलोमीटर रचून ‘फिटनेस’ म्हणणे म्हणजे गळक्या टाकीला बाहेरून रंग देणे.

‘पण माझ्या ओळखीत एक जण कंपनी चालवतो आणि आयर्नमॅनही करतो’ असे लगेच कुणी सांगेल. करत असेल. त्याच्या घरी स्वयंपाकाला, मुलांना शाळेत सोडायला, गाडी चालवायला कोण आहे, एवढे विचारून पाहा. शिवाय मालकाचे ९० तास आणि नोकराचे ९० तास एक नसतात. मालक मध्येच उठून पोहायला जातो, त्याला त्याबद्दल कुणाला अर्ज द्यावा लागत नाही.

मला उदाहरण द्यायचेच तर मी जपानच्या युकी कावाउची यांचे देईन. कामाने मरण येण्याला ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द ज्या देशाने घडवला, तिथलाच हा माणूस. जपानमध्ये चांगले धावपटू सहसा कंपन्यांच्या संघात असतात, त्यांचे कामच धावणे. कावाउची यांनी तो मार्ग घेतला नाही. सायतामा प्रांताच्या सरकारी सेवेत ते एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत. पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत, त्यामुळे सकाळ त्यांची. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात, कावाउची एकदाच करत, आणि त्यातला मोठा भाग संथ धावण्याचा. जोराचा सराव ते बहुधा शनिवार-रविवारच्या शर्यतींतच करून घेत. एकदा तर त्यांनी चक्क सुटाबुटात, टाय लावून अर्धमॅरेथॉन पळून दाखवली. १६ एप्रिल २०१८ रोजी बोस्टनमध्ये कडाक्याची थंडी, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा होता. भलेभले व्यावसायिक त्या दिवशी गारठून मागे पडले. शाळेतला हा कारकून २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. १९८७ नंतर बोस्टन जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष.

आपल्याकडे ही गोष्ट ‘नोकरी सांभाळूनही जिंकता येते, तुम्ही का रडता’ अशा चालीवर सांगितली जाते. पण नीट बघा. कावाउची यांना नोकरीने जे दिले ते म्हणजे ठरलेली वेळ. सकाळ त्यांचीच होती. पुढे २०१९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ धावू लागले, तेही सांगितले पाहिजे. पण बोस्टन त्यांनी नोकरीत असताना जिंकली. ज्याच्या नोकरीचा दरवाजा दोन्ही बाजूंनी बंद होतो त्यालाच ती सांभाळून काही करता येते. आपल्याकडच्या नोकरीला दरवाजाच राहिलेला नाही, व्हॉट्सॲप आल्यापासून तर भिंतीही नाहीत.

दरवाज्याचा विषय निघाला म्हणून रविवारची गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात रविवारी पहाटे हजारो लोक लाँग रनला बाहेर पडतात. मरीन ड्राइव्हवर, पुण्याच्या टेकड्यांवर, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात. हा रविवार त्यांना कुणी दिला, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल? मुंबईच्या गिरणीत माणसे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, आठवड्याचे सगळे दिवस राबत होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. आज त्या वाचताना अंगावर काटा येतो, कारण ही मागणी होती, म्हणजे प्रत्यक्षात हेही मिळत नव्हते. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

म्हणून कुणी उद्योगपती रविवारच्या सुटीबद्दल खंत व्यक्त करतो तेव्हा तो निव्वळ विनोदाचा विषय नसतो. गिरणगावातल्या माणसांनी मिळवलेली वस्तू तो परत मागत असतो. आणि मॅरेथॉन धावणाऱ्या माणसाला, मग तो कितीही पगाराचा असो, या वादात तटस्थ राहता येत नाही. त्याच्या पायाखालचा रस्ताच त्या सुटीचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० वर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगण्यात आले. कागदावर ती आहेच. पण ज्याने कधी बारा तासांची पाळी केली आहे त्याला विचारा, त्या दिवशी घरी येऊन तो काय करतो. जेवतो आणि झोपतो. धावणाऱ्यांच्या किती व्हॉट्सॲप गटांत या निर्णयावर चर्चा झाली? माझ्या दोन गटांत झाली नाही. तिथे त्या आठवड्यात नव्या बुटांच्या तळव्यातल्या कार्बन प्लेटवर चर्चा चालू होती.

इथे आमच्या मोहल्ल्यातून येणारा आक्षेप ऐकला पाहिजे, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. भिवंडीत बारा बारा तास मागावर उभा राहणारा कामगार, गॅरेजमध्ये दिवसभर उकिडवा बसणारा मुलगा, बेकरीच्या भट्टीपुढे पहाट काढणारा माणूस म्हणतो, “भाई, ये सब पेटभरों के चोचले हैं. हमारी तो रोज मॅरेथॉन है.” या वाक्यापुढे कुठलाही मोटिव्हेशनल स्पीकर निरुत्तर होतो, व्हायलाच हवा. मागावर मजुरी कापडावर मिळते. बसला तर पैसे बुडतात. अशा माणसाला ‘सकाळी लवकर उठून धावा’ सांगणे हा उद्धटपणा आहे.

पण आक्षेप बरोबर असला तरी त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. उभे राहून पाय सुजणे आणि धावून पाय मजबूत होणे यात फरक आहे, तो नेमका विश्रांतीचा आणि मर्जीचा. मागावरच्या मेहनतीत हलका आठवडा नसतो. तिथे पाय झिजतात, घडत नाहीत. मेहनत रोजचीच आहे म्हणून धावणे आपल्यासाठी नाही, असे म्हणताना आपण स्वतःच कबूल करतो की, आपले शरीर फक्त मजुरीसाठी आहे. हे मालकाचे म्हणणे आहे, ते आपण का बोलावे? मालेगावात माग शुक्रवारी थांबतात. त्या शुक्रवारी सकाळी दोन तास मैदानावर जाणारी पोरे आहेत, क्रिकेट खेळणारी, पळणारी. त्यांना मैदान हवे, दिवे हवेत, स्वस्त बूट हवेत, आणि बारा तासांची पाळी आठ तासांची व्हायला हवी. धावण्याच्या बाजूने बोलणाऱ्याने या शेवटच्या मागणीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर त्याने गप्प बसावे.

दुकानदारांचे दुखणे निराळे. त्यांच्यावर बॉस नसतो, ते स्वतःच स्वतःचे बॉस असतात आणि बहुतेक वेळा फार वाईट बॉस. सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली, सुटी फक्त दोन ईदच्या. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. या माणसांना मी नेहमी एक सांगतो. शटर एक तास उशिरा उघडल्याने किती गिऱ्हाईक तुटते ते महिनाभर वहीत लिहून बघा. आपल्या भीतीचा आकडा एकदा तरी डोळ्यांनी पाहावा.

रमजानचा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून दोन शब्द. सिफान हसन रोजे ठेवून सराव करत होती आणि रमजान संपताच एप्रिल २०२३ मध्ये तिने लंडन मॅरेथॉन जिंकली, तीही आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने पाच हजार आणि दहा हजार मीटरला कांस्य घेतले आणि ११ ऑगस्टला मॅरेथॉनचे सुवर्ण. मोहल्ल्यात हा व्हिडिओ फार फिरला, फिरावाच. पण ती व्यावसायिक खेळाडू आहे, तिला इफ्तारच्या आधी दुकान सांभाळायचे नसते. आपल्यासारख्यांनी रमजान हाच हलका महिना समजावा. इफ्तारच्या आधी वीस-तीस मिनिटे रमतगमत, किंवा तरावीहनंतर, बस. महिनाभर वेग वाढला नाही म्हणून काहीही बिघडत नाही. उलट वर्षातून एक महिना कामाचे, जेवणाचे, झोपेचे सगळे वेळापत्रक बदलायची सवय ज्यांना लहानपणापासून आहे, त्यांना ‘वेळच बदलता येत नाही’ ही सबब शोभत नाही.

आता घरातला हिशोब. तो धावणाऱ्या पुरुषांना आवडत नाही. तीस किलोमीटरचा लाँग रन म्हणजे साडेतीन ते चार तास. त्यात जाणे-येणे, नंतर मित्रांबरोबर मिसळ किंवा नहारी, घरी येऊन दुपारची झोप. रविवार संपला. तोवर घरात मुलांचे, म्हाताऱ्यांचे, पाहुण्यांचे कुणी पाहिले? ज्या माणसाने नोकरीतून एक तासही सोडवला नाही आणि सगळे तास बायकोच्या खात्यातून काढले, त्याच्या आयुष्यात ‘बॅलन्स’ आला असेलही, घरातला मात्र गेला. आमच्याकडे हे जास्त होते. मुलगा धावायला निघाला तर अम्मी दुधाचा ग्लास घेऊन उभी राहते, सून निघाली तर तीच अम्मी विचारते, “इतनी सुबह, अकेली?” ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये सुरू झाली, तोवर बायकांना एवढे अंतर झेपणार नाही असे मानले जात होते. तो गैरसमज जगाने सोडून चाळीस वर्षे झाली. आमच्या गल्लीत तो अजून भाड्याने राहतो.

उपाय काही मोठा नाही. दोन रविवार त्याचे, दोन तिचे. तिला धावायचे नसेल तर तिने झोपावे, माहेरी जावे, छतावर बसून चहा प्यावा. तास तिचे आहेत, त्याचे काय करायचे ते ती ठरवेल. नवऱ्याने त्या दिवशी नाश्ता करावा, मुलांना मदरशात किंवा क्लासला सोडावे. ४२ किलोमीटर पळणाऱ्याला पोहे करणे जड जाऊ नये. पहिली मॅरेथॉन चार रविवारांपैकी दोनच लांब धावून पूर्ण होत नाही, असे कुणी म्हणेल, तर त्याने यंदा अर्धमॅरेथॉन करावी. २१ किलोमीटरमध्येही घाम येतो.

घड्याळाबद्दलही बोलायला हवे. हल्ली मनगटावरचे घड्याळ रात्रीच्या झोपेला गुण देते, सकाळी ‘तुमची तयारी कमी आहे’ म्हणून बजावते, धावून आल्यावर ॲप आपला क्रमांक दाखवते. ऑफिसातून पळून माणूस रस्त्यावर आला, तर तिथेही ॲप्रेझल हजर! सहकाऱ्यापेक्षा महिन्याचे किलोमीटर कमी भरले म्हणून रात्री नऊला इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारणारे लोक मला माहीत आहेत. त्यात कंपन्यांची ‘वेलनेस चॅलेंज’ सुरू झाली आहेत, कोणत्या विभागाने किती पावले टाकली याचे तक्ते लागतात. पावले मोजतात, मग उशिरापर्यंत थांबवलेले तास का मोजत नाहीत? तोही तक्ता भिंतीवर लावा, विभागवार.

कंपन्यांना मॅरेथॉन आवडते, हे उघड आहे. मुंबईच्या शर्यतीचे नाव आधी स्टँडर्ड चार्टर्ड बँकेशी जोडलेले होते, २०१८ पासून टाटांशी. न्यूयॉर्क आणि लंडनच्या शर्यतींवर टीसीएसचे नाव आहे. प्रायोजकाशिवाय एवढे रस्ते बंद करून, पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका उभ्या करून शर्यत होत नाही, हे मान्य. त्यांनी पैसे द्यावेत, आपण पाणी प्यावे. पण कंपनीने बिबचे दोन-तीन हजार भरले म्हणजे तिने आपल्या आयुष्याच्या तोलाची जबाबदारी उचलली, असे समजू नये. बिब स्वस्त पडतो. महाग पडतात ते तास, आणि ते ती देत नाही.

रविवारी पहाटे पाचला तीस किलोमीटर धावायचे असेल तर शनिवारी रात्री नऊच्या आत आडवे व्हावे लागते, त्याआधी हलके जेवण, त्याआधी डोके रिकामे. म्हणजे लाँग रन खरा सुरू होतो तो शनिवारी संध्याकाळी. तेव्हा येत्या जानेवारीसाठी तुमच्या कंपनीची एचआर मॅडम मॅरेथॉनचा फॉर्म आणि टी-शर्टची साइज विचारायला आली, तर साइज जरूर सांगा. आणि एक कागद पुढे करून विचारा, “शनिवारी संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी दिवसभर फोन येणार नाही, एवढे यावर लिहून सही कराल का?”